पायकडी

"बाहेरून पागा, आतून घर," असं आर्किटेक्ट पहिल्याच दिवशी म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाला. पुढे काम चाललं तोवर भेटेल त्याला तो हेच ऐकवत राहिला. इस्टेटीतल्या मोठ्या घराला कोणी हात लावणार नव्हतं. ते टेकाडावर कुलूप लावून तसंच बसलेलं होतं. पण त्याच्या मागे, फरसबंद चौकाभोवती, जी कामाची घरं होती, म्हणजे घोड्यांची पागा, बग्गीखाना, धुलाईघर, दूधघर, त्यांतून माणसांना राहायला घरं काढायची असं ठरलं होतं. थोरामोठ्यांच्या घरांना कुलूप लागतं आणि नोकरांच्या जागा कामाला येतात, हा जगाचा न्यायच आहे. अट एकच होती: चौकातून बघणाऱ्याला फरक कळता कामा नये. नवी खिडकी नाही, नवं दार नाही, आणि जुनं दार काढून टाकायचं तर अजिबात नाही. जुन्या वास्तूंच्या खात्याचे साहेब येऊन जायचे, आणि कोणी कडीला नुसता हात लावला तरी त्यांच्या भुवया वर चढायच्या.

पागेची दारं दोन तुकड्यांची होती. वरचं अर्धं वेगळं, खालचं अर्धं वेगळं. वरचं उघडलं की घोड्याने डोकं बाहेर काढून वारा खायचा. खालचं बंद असलं की त्याने आतच राहायचं. खालच्या दाराला बाहेरून दोन कड्या. एक हाताला येईल अशी, आणि दुसरी अगदी खाली, जमिनीलगत. ही खालची पायाने लावायची आणि पायानेच काढायची, कारण पागेतल्या माणसाच्या दोन्ही हातांत बादल्या असतात. आणखी एक कारण होतं. हुशार घोडा दारावरून मान टाकून वरची कडी दातांनी काढतो, पण खालच्या कडीपर्यंत त्याची मान पोचत नाही. पागेतले लोक तिला पायकडी म्हणायचे.

हे सगळं शिंपीणताईला लहानपणापासून ठाऊक होतं, कारण तिचे वडील, अप्पा, याच पागेत मोतद्दार होते. घोड्यांना खरारा करण्यात आणि त्यांची लीद काढण्यात त्यांचा जन्म गेला. म्हणून तर तिला हे घर मिळालं. इस्टेटीतल्या जुन्या नोकरांच्या घरच्यांना आधी विचारायचं असा नियम होता, आणि तिला विचारल्यावर तिने मागचापुढचा विचार न करता हो म्हटलं. घोडे बांधायची शेजारशेजारची दोन ठाणं मधली भिंत काढून एक केलेली, वर गवताचा माळा होता तिथे झोपायची खोली, मागे न्हाणी. पुढच्या भागात तिचं शिवणाचं यंत्र. ती नवे कपडे शिवत नसे, जुने नीट करून देई. कोणाचं पोट सुटलं की कंबर सैल, कोणी गेलं की त्याचा कोट धाकट्याच्या मापाचा. जुन्यातून नवं काढायचं हा तिचा धंदाच होता, त्यामुळे पागेतून घर काढण्यात काय एवढं, असं तिला वाटलं होतं. वाटायला काय जातं.

खरी गोष्ट अशी की अप्पांचं डोकं आता जागेवर राहत नव्हतं. पागेत येण्याआधी ती दोघं गावातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायची आणि अप्पा तिथून निघून जायचे. लॅच नीट लागलं नाही की गेले. कधी बसस्टँडवर सापडायचे, कधी बाजारात, एकदा तर पुलावर, मोटारींच्या मधोमध, हात वर करून, जणू समोरून येणारी जनावरं थोपवतायत. प्रत्येक वेळी ती शिवण तसंच टाकून अनवाणी पळायची. नवरा होता, तो कधीच आपल्या वाटेने गेला होता, आणि गेला ते बरंच झालं असं ती म्हणायची, कारण दोन माणसांना शोधत फिरायची तिच्यात ताकद नव्हती. धाकटा भाऊ दूरच्या शहरात नोकरीला. तो फोनवर चांगलं बोलायचा. "ताई, तू आहेस म्हणून," असं म्हणायचा, आणि फोन ठेवला की तो मोकळा आणि ताई होती तिथेच.

ओळखीच्या जागी माणूस शांत राहतो, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून तिने पागेला हो म्हटलं. पण घर हातात यायला इतके दिवस लागले की तिच्या नाकी नऊ आले. आज चुना वाळायचाय, उद्या फरशी आली नाही, परवा साहेबांची सही राहिलीय. विचारायला जावं तर घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कोणालाच सांगता येईना. गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात. तिला तर ओझंही होतं आणि हेलपाटेही.

दारं दुरुस्तीला गेली होती ती शेवटी परत आली. ती बसवायला जो सुतार आला, त्याचा हात चांगला होता, पण आयुष्यभर त्याने माणसांच्या घरांची दारं बसवलेली. त्याने चौकटीत दोन जाड खुंट्या ठोकल्या, दोन्ही वर तोंड करून, आणि खालचं दार उचलून त्यांवर अडकवलं. अप्पा बाजूला उभे राहून बघत होते. ते म्हणाले, वरची खुंटी पालथी पाहिजे, खाली तोंड करून. नाहीतर जनावर खांदा लावून दार उचलतं आणि बाहेर येतं.

सुतार हसला. "आजोबा, आता जनावर कुठे राहिलंय?"

शिंपीणताईही हसली. दमलेलं माणूस कोणी हसलं की हसून मोकळं होतं. पुढे काही दिवस अप्पा सकाळ-संध्याकाळ त्या दाराशी उभे राहून खुंटी पालथी, खुंटी पालथी, असं पुटपुटायचे. त्यांच्या पुटपुटण्यात तेव्हा इतक्या गोष्टी असायच्या, मेलेल्या घोड्या, न आलेला चारा, तिची आई, की त्यांतली कुठली धरायची आणि कुठली सोडायची हे तिला कळत नसे. मग त्यांनी तेही बोलणं सोडलं.

पण डॉक्टरांचं म्हणणं मात्र खरं ठरलं. या घरात आल्यापासून अप्पा एकदाही गेले नाहीत. सकाळी वरचं दार उघडलं की ते खालच्या दारावर कोपरं टेकून उभे राहायचे आणि चौकाकडे बघायचे. चौकात नळ, कपड्यांची दोरी, बग्गीखान्यासमोर कोणाची तरी सायकल. त्यात एवढं बघण्यासारखं काय होतं देव जाणे, पण त्यांचा चेहरा निवलेला असायचा. तयार कपडे पोचवायला जायचं झालं की शिंपीणताई त्यांना सांगायची, अप्पा, जाऊन येते. खालचं दार ओढायची आणि पायाने पायकडी लावायची. वरच्या कडीचा उपयोग नव्हता, ती त्यांच्या हाताला आली असती. कडीचा खट् असा आवाज झाला की ते मान हलवायचे, "हां" म्हणायचे, आणि ती परत येईपर्यंत तिथेच असायचे.

तो खट् आवाज दरवेळी फाटकापर्यंत तिच्या कानात राहायचा. ज्या माणसाने आपल्याला खांद्यावर बसवून हाच चौक दाखवला, त्याला आपण घोड्यासारखं ठाणात घालून पायाने कडी लावतो. हातानेही नाही, पायाने. पण न लावावी तर पुन्हा तो पूल आणि त्या मोटारी. ती जाताना धावत जायची, येताना धावत यायची, आणि आल्यावर तिला धाप लागलेली बघून अप्पा विचारायचे, कोण मागे लागलंय?

पागेत एक जुना रिवाज होता. ज्याने कडी घातली त्यानेच ती काढायची. दुसरा कितीही मोठा असो, त्याने दुसऱ्याच्या कडीला हात लावायचा नाही. कडी घालणाऱ्याला ठाऊक असतं की जनावर खाऊन आहे की उपाशी, तापलंय की निवलंय. आणि कडी घातली म्हणजे परत यायची जबाबदारी त्याची. अप्पांनी हा रिवाज घरीसुद्धा आणला होता. ट्रंकेची कडी त्यांनी लावली असेल तर आई तिला हात लावायची नाही, त्यांची वाट बघत बसायची आणि वर टोमणा मारायची, "लग्न करून मला कडी घातलीत, आता काढायलाही तुम्हीच या." ते काढायला यायच्या आतच ती गेली. पण हे सगळं शिंपीणताईच्या लेखी जुन्या गमतींपैकी होतं. रोजच्या धावपळीत ते तिला आठवायचं काही कारण नव्हतं.

मग एक दुपार अशी आली की तिने हात टेकले.

लग्नघरच्या कपड्यांचं काम होतं. पोचवायला गेली तर नवरीची बाही पुन्हा घट्ट, मग तिथेच बसून उसवा, तिथेच टाके घाला. निघते म्हटलं की आणखी कोणीतरी काहीतरी पुढे करायचं. नाही म्हणायची सवय नसलेल्या माणसाचं जे होतं तेच तिचं झालं. परत आली तेव्हा उन्हं चौकातून निघून भिंतीवर चढली होती. अप्पा दाराशी उभे होते. शेजारी खुर्ची होती, त्यावर ते बसले नव्हते. थर्मासमध्ये चहा होता, तो तसाच होता. पाय घोट्यापासून सुजून टरटरले होते. आणि चौकात, हाताची घडी घालून, बग्गीखान्यातल्या बाई उभ्या होत्या. या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता, पण बोलणं अजूनही वर्गातल्यासारखं होतं.

"मी त्यांना कितीदा म्हटलं, बसा," बाई म्हणाल्या. "बसेनात. कडी काढू का विचारलं तर माझ्यावरच डोळे वटारले. अहो, पण माणसाला असं कोंडून जातात का?"

शिंपीणताई तशीच दाराशी गेली. तिने पायाने कडी काढली, अप्पा "आलीस" म्हणाले आणि लगेच खुर्चीवर बसले. तिने त्यांचे पाय कोमट पाण्यात ठेवले आणि पाणी निवेपर्यंत तिथेच खाली बसून राहिली. मग भावाला फोन केला आणि म्हणाली, "तू म्हणत होतास ती जागा अजून आहे का? ने त्यांना. माझ्याने आता होत नाही."

जागा होती. वृद्धाश्रम चांगला होता, बाग होती, दर आठवड्याला डॉक्टर यायचे, आणि गेटवर माणूस असायचा. कडी त्या माणसाने लावायची, ती काही घरच्यांना लावावी लागणार नव्हती. भावाने कुठला दिवस, कधी येईन, सगळं नीट सांगितलं. शेवटी म्हणाला, "ताई, तू खूप केलंस." हे वाक्य ऐकायला ती किती वर्षं थांबली होती, आणि ऐकल्यावर तिला फक्त पाठ टेकावीशी वाटली.

भाऊ येणार होता त्या दिवशी सकाळपासून ती एकामागून एक कामं उरकत होती. अप्पांची बॅग भरून दाराशी ठेवली होती. कपड्यांच्या आतल्या बाजूला तिने त्यांची खूण टाक्यांनी घातली होती, एक लहानसा नाल, तिकडे धुलाईत हरवायला नको म्हणून. सगळ्यात वर त्यांचा राखाडी स्वेटर, कोपराला ठिगळ लावलेला. अप्पांना सांगितलं होतं की भाऊ येतोय आणि तुम्हाला फिरायला नेणार आहे. ते "हां" म्हणाले. ते काही विचारत नव्हते त्याचाच तिला जास्त त्रास होत होता.

अप्पांना आत खुर्चीवर बसवून, उरलेले कपडे वाळत होते ते आणायला ती चौकात गेली. फोन नळाच्या कट्ट्यावर ठेवला, दोन्ही हातांवर कपड्यांचा ढीग घेतला आणि पाठीने दार ढकलून आत आली. आत येताना टाचेने दार मागे लोटलं, वाऱ्याने त्याला जोर दिला, दार चौकटीवर आपटलं आणि खालून आवाज आला. खट्.

ती जागच्या जागी थांबली. पायकडी अलीकडे सैल झाली होती, जरा धक्का बसला की आपोआप पडायची. सुताराला सांगायचं राहिलं होतं. राहिलेल्या गोष्टींची काही कमी नव्हती. कपडे यंत्रावर टाकून ती दारावरून ओणवी झाली आणि हात खाली सोडला. बोटं हवेत चाचपडली. अजून वाकली, पोटाला दाराची कड रुतली, पण कडी बोटांच्या खाली लांबच राहिली. घोड्याला जमू नये म्हणून केलेली ती कडी, तिला तरी कशी जमावी. फोन समोर कट्ट्यावर दिसत होता. बग्गीखान्याला कुलूप होतं. दुसरं दार नाही, मोठी खिडकी नाही, कारण चौकातून बघणाऱ्याला फरक कळता कामा नये.

स्टूल घेऊन दारावर चढता आलं असतं. पण पलीकडे फरशीवर उडी मारायची होती आणि रोजच्या धावपळीने तिचे गुडघे गेले होते. भाऊ येईल, तो काढेल. म्हणजे भाऊ येणार आणि बघणार की आपली बहीण, जी बापाला कोंडते, ती स्वतःच कोंडली गेलीय. तिला हसू आलं, आणि हसता हसता ती भिंतीला टेकून खाली बसली, आणि खाली बसल्यावर ते हसू राहिलं नाही. ती रडली. आवाज न करता रडायची तिला सवय होती, तशी नाही, मोठ्याने.

"अप्पा, मी दमले हो," ती म्हणाली. "खूप दमले."

अप्पा खुर्चीवरून उठले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. कारागीर एक जाड फळी टाकून गेले होते, ती कोपऱ्यात उभी होती. अप्पांनी ती घेतली. तिच्याजवळ येऊन म्हणाले, "सरक."

ती सरकली. अप्पांनी फळीचं टोक दाराखाली घातलं, खुंट्यांच्या बाजूने, फळीखाली कोपऱ्यातलीच एक वीट सरकवली, दुसऱ्या टोकावर पाय दिला आणि खांदा दाराला लावला. दार कुरकुरत चार बोटं वर उठलं, खुंट्यांवरून निसटलं आणि भलत्याच बाजूने उघडलं. कडी होती तशीच लागलेली. अप्पा फळी आणि वीट घेऊन त्या फटीतून बाहेर गेले.

शिंपीणताईच्या तोंडचं पाणी पळालं. वरची खुंटी पालथी पाहिजे. म्हणजे हा माणूस कधीही जाऊ शकत होता. ती रोज ज्या कडीच्या भरवशावर धावत जाऊन धावत येत होती, तो भरवसा नुसता तिच्या डोक्यात होता. ती भिंत धरून उठायला लागली, तोवर अप्पांनी बाहेरून फळी लावून दार पुन्हा उचललं होतं. पहिल्यांदा बसेना, दुसऱ्यांदाही बसेना. त्यांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या तिला दिसत होत्या. शेवटी दार खुंट्यांवर बसलं. अप्पांनी खाली बघून पायकडी काढली, आणि पुन्हा लावली, स्वतःच्या पायाने. मग वरचं दार अर्धं ओढलं, आत ऊन येऊ नये एवढं.

"अप्पा, दार काढा. अप्पा, कुठे चाललात?"

"तू नीज," अप्पा म्हणाले. "दमलेल्याला आधी बसू द्यायचं. दाणा-पाणी मग."

तिला उठायचं होतं. स्टूल घ्यायचं, चढायचं, गुडघे मोडले तर मोडोत, उडी मारायची. ते आता फाटकाबाहेर जातील, रस्त्यावर येतील, हात वर करतील. हे सगळं तिला स्पष्ट दिसत होतं. पण आत सावली झाली होती, समोर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, आणि अंगातलं सगळं बळ कोणीतरी काढून घेतल्यासारखं झालं होतं. एक क्षण डोकं टेकू आणि मग उठू, असं तिने स्वतःला सांगितलं. इतक्या वर्षांत तिने स्वतःला सांगितलेली ही पहिलीच खोटी गोष्ट असेल, आणि ती तिला लगेच पटली.

जाग आली ती आवाजांनी. पहिल्यांदा काही कळेना, मग सगळं एकदम आठवलं. ती कोपरावर उठली. अर्ध्या उघड्या वरच्या दारातून भावाचे खांदे दिसत होते. आणि खालच्या दाराच्या फळ्यांमधल्या फटीतून, त्याच्या समोर, पालथ्या बादलीवर, पाठमोरं एक पांढरं डोकं.

तिचा जीव भांड्यात पडला.

"हळू बोल," अप्पा म्हणत होते. "आत माझी पोर निजलीय."

भाऊ गोंधळून गेला होता. ताई आत आणि अप्पा बाहेर, हे त्याच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. तुम्हाला बाहेर कोणी काढलं, असं त्याने विचारलं. अप्पांनी सांगितलं, दार उचललं. सुताराने वरची खुंटी सुलटी ठोकलीय, पहिल्या दिवसापासून सांगतोय, कोणी ऐकत नाही. भावाने दाराकडे बघितलं, खुंटीकडे बघितलं.

"म्हणजे तुम्हाला रोज बाहेर येता येत होतं?"

"हो."

"मग आला का नाहीत?"

अप्पांना त्या प्रश्नाचा राग आल्यासारखं वाटलं. "कडी तिने घातलेली असायची," ते म्हणाले. "तिला यायचं असतं ना काढायला. ती आली आणि मी नसलो म्हणजे?"

शिंपीणताईच्या डोळ्यांसमोर ती दुपार उभी राहिली. भरलेला थर्मास. रिकामी खुर्ची. सुजलेले पाय. बाई कडी काढायला आल्या तेव्हा वटारलेले डोळे. तो माणूस कोंडलेला नव्हता. तो तिची वाट बघत होता, आणि वाट बघणाऱ्याने दारापासून हलायचं नसतं एवढंच त्याच्या डोक्यात शिल्लक होतं. बाकी सगळं गेलं होतं, मुलाबाळांची वयं, बायको गेली ते, आजचा वार. हे तेवढं राहिलं होतं.

बाहेर भाऊ खाली वाकला. त्याला दार उघडायचं होतं, म्हणून त्याने पाय पुढे केला.

"हात लावू नको," अप्पा म्हणाले. पायाला हात म्हणाले, पण भावाला बरोबर समजलं. "तुझी नाही ती. मी घातलीय."

"अप्पा, आपल्याला निघायचंय. तुमची बॅग आत आहे."

"मला नाही जाता येणार. कडी घातलीय ना मी." अगदी साध्या सुरात, लहान मुलाला समजावावं तसं ते बोलत होते. "ती उठेल, मग मी काढेन. तोवर बस. तिकडे दुसरी बादली आहे."

शिंपीणताई आतून बघत राहिली. भावाने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, फाटकाबाहेरच्या गाडीकडे बघितलं. मग फरशीवर बादली ओढल्याचा आवाज आला, ती पालथी केल्याचा आवाज आला, आणि दारातून दिसणारे भावाचे खांदे खाली गेले. आता फळ्यांच्या फटीतून दोन डोकी दिसत होती, एक पांढरं, एक पांढरं व्हायला लागलेलं. पांढरं डोकं दुसऱ्याला हळू आवाजात सांगत होतं की इथे कुठल्या ठाणात कोणती घोडी असायची, आणि सगळ्यात खोडकर कोण होती.

बॅग दाराशी होती. शिंपीणताई बसल्या बसल्या पुढे सरकली, तिने ती जवळ ओढली आणि आवाज होऊ नये म्हणून चेन अगदी हळू उघडली. वरचा राखाडी स्वेटर बाहेर काढला. उद्या काय, हे तिला ठाऊक नव्हतं. उद्या ती पुन्हा दमणार होती, परवाही दमणार होती, आणि कदाचित कधीतरी ही बॅग पुन्हा भरावी लागणार होती. भावाशी बोलावं लागणार होतं, नीट, आणि फोनवर नाही. खुंटीचं काय करायचं ते मात्र तिने ठरवलं. ती सुलटीच राहू दे.

उठून हाक मारली असती तर अप्पांनी लगेच कडी काढली असती. तिने हाक मारली नाही. स्वेटर अंगावर ओढून घेतला, कपड्यांच्या ढिगावर डोकं टेकलं आणि कुशीवर वळली. दाराशी तिचा बाप बसला होता, आणि ती परत झोपली.